नवं ताठ मॅगझिन: रुळवायचं कसं, भरायचं कसं

नव्या पिस्तुलाची पहिली तक्रार नेमाबद्दल नसते, अंगठ्याबद्दल असते. आठ काडतुसांच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, पाच सहज जातात, सहावं कुरकुरत जातं, सातव्याला नखाखाली कळ येते आणि आठवं जातच नाही. मग कुणीतरी जाणकार भेटतो आणि सांगतो: स्प्रिंगचा एक वेढा काप, आत तेल सोड, नाहीतर पक्कडीने तोंड जरा रुंद कर. या तिन्ही सल्ल्यांनी मॅगझिन बिघडतं. ताठपणा हा नव्या मॅगझिनचा दोष नाही. काडतूस वर ढकलायला तोच लागतो. आपल्याला फक्त त्यातला फाजील भाग काढायचा आहे आणि उरलेल्या ताठपणाशी बोटांची ओळख करून द्यायची आहे.

नाशिकमध्ये हा प्रश्न पडणारे लोक साधारण तीन प्रकारचे. २५ मीटरवर .२२ स्पोर्ट पिस्तूल मारणारी मुलं-मुली, स्वसंरक्षणाच्या परवान्यावर .३२ पिस्तूल घेतलेले शेतकरी-व्यावसायिक, आणि त्र्यंबक रोडच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत किंवा कुठल्याही खात्यात ९ एमएम हाताळणारे गणवेशातले लोक. ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं बंदी असलेलं माप, आहे, ते साध्या परवान्यावर मिळत नाही. तरी मॅगझिनची रीत बरीचशी सारखीच असल्याने त्याचा उल्लेख पुढे येईल.

कायद्याचं एवढं ध्यानात ठेवा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरले जातात. जादा मॅगझिन हवं असेल तर ते परवानाधारक विक्रेत्याकडून, परवाना दाखवून आणि पावतीसह घ्या. ओळखीतून, कुणाच्या तरी पिशवीतून आलेलं मॅगझिन घरात ठेवू नका. कुठे काही नोंद करून घ्यायची असेल, तर शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय, हेच दोन दरवाजे.

ताठपणा येतो कुठून

मॅगझिनमध्ये मोजून चार-पाच भाग असतात. पत्र्याची किंवा प्लास्टिकची बॉडी, तिच्या वरच्या आत वळलेल्या कडा म्हणजे लिप्स, काडतूस ज्यावर बसतं तो फॉलोअर (खात्यात याला प्लॅटफॉर्म म्हणतात), त्याखालची स्प्रिंग आणि तळाची बेस प्लेट. काही मॅगझिनमध्ये बेस प्लेटच्या आत एक छोटी लॉक प्लेटही असते.

मॅगझिन रिकामं असतानाही स्प्रिंग आत थोडी दाबलेलीच असते. प्रत्येक काडतुसागणिक ती आणखी दबते आणि जेवढी दबते तेवढा तिचा जोर वाढतो. म्हणून पहिलं काडतूस आणि शेवटचं काडतूस यांच्यात एवढा फरक. ९ एमएमच्या दोन रांगांच्या मॅगझिनमध्ये, उदाहरणार्थ पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याच्या १३ काडतुसांच्या पिस्तुलात, दोन रांगा वर येऊन एका तोंडात मिळतात. तिथे काडतुसं एकमेकांना आणि बाजूच्या भिंतींना घासतात, त्या घर्षणाची भर वेगळी.

नव्या स्प्रिंगची आणखी एक गोष्ट. तार वळवून केलेली स्प्रिंग पहिल्या काही वेळा पूर्ण दबली की तिची मोकळी लांबी किंचित कमी होते आणि मग तिथेच थांबते. याला स्प्रिंग ‘बसली’ म्हणतात. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर काम केलेल्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही. रुळवणं म्हणजे ही बैठक मुद्दाम, सावकाश घडवून आणणं. नवी कोल्हापुरी चार दिवस चावते आणि मग पायाची होते, तसंच काहीसं. फरक एवढाच की चप्पल मऊ व्हायला हवी असते आणि स्प्रिंग मऊ झालेली आपल्याला नको असते.

ताठपणाचं तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: कारखान्याचं ग्रीस. गंज धरू नये म्हणून लावलेला चिकट थर महिनोन् महिने डब्यात राहून घट्ट होतो आणि फॉलोअरला भिंतीशी चिकटवतो. कित्येकदा निम्मा त्रास एवढ्या सफाईनेच जातो. म्हणून काम तिथूनच सुरू करायचं.

आधी टेबल मांडा

पिस्तुलातून मॅगझिन काढा. मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. हा क्रम उलटा करू नका. आधी स्लाइड ओढली आणि मॅगझिन आतच राहिलं, तर स्लाइड पुढे जाताना नवं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसेल. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री झाली की ते कपाटात, कुलपात. मॅगझिनच्या कामाला पिस्तूल लागतच नाही. जिवंत काडतुसांचा डबाही दुसऱ्या खोलीत ठेवा.

टेबलावर जुना पांढरा टॉवेल अंथरा. पांढरा अशासाठी की त्यावर काळी छोटी वस्तू दिसते. लागणारं सामान: जुना टूथब्रश, चिंदी म्हणजे सुती फडक्याचे तुकडे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पेन्सिल किंवा तेवढ्याच जाडीची गोल लाकडी काडी, पर्मनंट मार्कर आणि चष्मा. नंबरचा चष्मा असेल तर तोच चालेल, नसेल तर वर्कशॉपमधला साधा गॉगल घ्या. बेस प्लेट सुटताना स्प्रिंग थेट तोंडाकडे उडते आणि डोळ्याला लागायला तेवढं पुरतं.

डमी काडतुसं मिळवा. भडक रंगाची प्लास्टिकची, आपल्याच बोअरची, मॅगझिनमध्ये मावतील तेवढी. विक्रेत्याकडे विचारा. उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या डमी म्हणून वापरू नका. पुढची गोळी नसल्याने त्यांची लांबी कमी पडते, त्या आत तिरक्या होतात आणि त्यांच्या कडा फॉलोअरला ओरखडे पाडतात. शिवाय पुंगळ्यांचा ढीग घरात असणं हे परवाना तपासणीच्या वेळी नसती विचारणा ओढवून घेणं आहे.

उघडणं आणि साफ करणं

मॅगझिन उलटं धरा. बेस प्लेटवरच्या भोकातून आत दिसणारं बटण पेन्सिलने दाबा आणि प्लेट पुढे सरकवा. सरकू लागताच वर अंगठा ठेवा. प्लेट निघाली तरी अंगठा काढायचा नाही, स्प्रिंगला हळूहळू बाहेर येऊ द्यायचं. सगळ्या मॅगझिनची प्लेट निघत नाही. काही जुन्या धर्तीच्या .३२ मॅगझिनचा तळ पक्का असतो, आतली स्प्रिंग वरून फॉलोअर तिरका करूनच निघते. अशा मॅगझिनला जबरदस्ती करू नका. तोंडातून ब्रश आणि चिंदी घालून जमेल तेवढं पुसा आणि पुढे चला.

स्प्रिंग बाहेर आली की हात लावण्याआधी मोबाइलने फोटो काढा, एक बाजूने आणि एक वरून. स्प्रिंगला वर-खाली आणि पुढे-मागे अशी दिशा असते. वरचा वेढा सहसा पुढच्या बाजूला उंच असतो, म्हणजे फॉलोअरचं नाक वर राहतं आणि काडतुसाचं टोक चेंबरच्या दिशेने उचललं जातं. ही स्प्रिंग उलटी बसवली तर मॅगझिन भरतं, दिसायलाही ठीक दिसतं आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, प्रत्येक दुसऱ्या गोळीला टोक खाली घालून अडकतं. ‘नवं मॅगझिन खराब निघालं’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हाच उलटा हात असतो.

बॉडी आतून अल्कोहोलने भिजवलेल्या चिंदीने पुसा. चिंदी काळी-पिवळी निघते तोवर बदलत राहा. फॉलोअर प्लास्टिकचा असेल तर त्याला अल्कोहोल चालेल, पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. प्लास्टिक फुगतं, मग मॅगझिनचा ताठपणा कायमचाच. स्प्रिंग कोरड्या फडक्यात धरून ओढून पुसा, पण ताणू नका.

आता बॉडीच्या आतल्या कडांवरून आणि फॉलोअरच्या बाजूंवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे धातूचा किंवा साच्याचा बारीक कांगोरा राहिलेला आहे. फॉलोअरवरचा प्लास्टिकचा कांगोरा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन-तीन हलक्या हातांत जातो. बॉडीतला धातूचा कांगोरा मात्र स्वतः घासत बसू नका, तो विक्रेत्याला दाखवा आणि मॅगझिन बदलून मागा. लिप्सना पॉलिश पेपर, कानस, पक्कड, काहीही लावायचं नाही. काडतूस कोणत्या कोनात, कोणत्या क्षणी सुटायचं हे सारं त्या दोन कडांच्या अंतरावर ठरतं. तिथला अर्धा मिलिमीटर फरकही मॅगझिन निकामी करायला पुरे.

तेल? आत नको. तेल धूळ धरतं आणि एप्रिल-मे महिन्यात नाशिकची धूळ सगळीकडे असते. तेल काडतुसाच्या बुडाशी झिरपून प्राइमर, म्हणजे तिथला पेटणारा मसाला, निकामी करू शकतं, ते वेगळंच. बॉडी पत्र्याची असेल तर बाहेरून गंजरोधक तेलाचा पुसट हात फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुन्हा पुसून टाका. फडक्याला जेवढं लागलं तेवढंच पुरेसं.

रुळवणं

मॅगझिन पुन्हा जोडा आणि पेन्सिलच्या मागच्या बाजूने फॉलोअर हळू खाली दाबा, तसंच हळू वर येऊ द्या. वर येताना तो कुठे अडतो का, तिरका होतो का हे बघा. एकाच जागी पुन्हा पुन्हा अडत असेल तर तिथे अजून घाण किंवा कांगोरा आहे. ती अडचण काढल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

दाबताना एक हद्द पाळा. मॅगझिन भरल्यावर फॉलोअर जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच काडी न्यायची. बॉडीच्या बाजूला काडतुसं मोजायची भोकं असतील तर तळाचं भोक पाहून अंदाज येतो. एकदा तेवढी खोली कळली की काडीवर मार्करने खूण करून घ्या. त्याखाली दाबलं तर वेढ्यावर वेढा चढतो आणि स्प्रिंगला बाक येतो.

अशा ३०-४० सावकाश दाबण्या पहिल्या दिवशी पुरेत. त्यानंतर डमी काडतुसं घ्या. आठच्या मॅगझिनमध्ये आधी चार भरा, काढा. मग सहा, काढा. मग सात. सात जाऊ लागली की सातवर मॅगझिन दोन रात्री तसंच ठेवा. तिसऱ्या दिवशी रिकामं करून आठ भरायचा प्रयत्न करा. गेलं तर आठवर आणखी दोन-तीन दिवस राहू द्या. बहुतेक स्प्रिंग एवढ्यात बसतात. आठवड्याने भरण्याचा त्रास लक्षात येण्याइतका कमी झालेला असतो आणि त्यापुढे महिनाभर भरून ठेवलं तरी फारसा फरक पडत नाही.

डमी मिळालीच नाहीत तर हेच जिवंत काडतुसांनी करता येतं, पण मग भरलेलं मॅगझिन पिस्तुलापासून वेगळं, वेगळ्या कुलपात ठेवा, आणि भरण्या-काढण्याच्या फेऱ्या कमी करून काडीच्या दाबण्या वाढवा. एक गोष्ट मात्र कुठल्याच परिस्थितीत करू नका: घरी बसून स्लाइड ओढत जिवंत काडतुसं पिस्तुलातून फिरवणं. धोका उघड आहे. शिवाय तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरच्या तोंडावर आपटलं की गोळी पुंगळीत आत सरकते, आतली जागा कमी होते आणि ते उडवताना दाब वाढतो. अशी आखूड झालेली काडतुसं बाजूला काढा, उडवू नका.

आता नेहमीची शंका. मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते का? चांगल्या तारेची स्प्रिंग आपल्या हद्दीत दबलेली राहिल्याने फारशी थकत नाही. थकवतं ते दाबणं-सोडणं, हजारो वेळा. म्हणजे सराव करणाऱ्याचं मॅगझिन वर्षभर भरून ठेवणाऱ्याच्या मॅगझिनपेक्षा आधी थकतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत पिस्तूल ठाण्यात जमा करताना मॅगझिन रिकामंच द्यावं लागतं, तेव्हा ‘स्प्रिंगला विश्रांती मिळाली’ म्हणून आनंद मानण्यासारखं काही नाही. जमा करण्यापूर्वी ते कोरडं आहे ना एवढं बघा. परत आल्यावर पहिलं काम लिप्स तपासण्याचं.

भरण्याची हातोटी

बहुतेकांचा अंगठा दुखतो कारण ते काडतूस वरून सरळ खाली ढकलायला बघतात. लिप्समधून काडतूस सरळ खाली जातच नाही, ते पुढून मागे सरकवावं लागतं. ताकद लावायची ती दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या ठिकाणी.

उजव्या हाताच्या माणसासाठी: मॅगझिन डाव्या मुठीत धरा, पाठीची सपाट बाजू तळव्याला आणि पुढची बाजू बोटांच्या टोकांकडे. मॅगझिनचा तळ टेबलावर टेकवा, खाली रबरी मॅट किंवा टॉवेलची घडी. हवेत धरून भरलं तर निम्मी ताकद मॅगझिन धरण्यातच जाते. टेबलावर टेकलं की खांद्याचं वजन वापरता येतं.

पहिलं काडतूस सोपं. त्याचं बूड फॉलोअरच्या पुढच्या भागावर टेकवून खाली दाबा, मागे सरकवा. दुसऱ्यापासून रीत अशी. डाव्या अंगठ्याने आधीच्या काडतुसाचा पुढचा भाग एक-दोन मिलिमीटर खाली दाबून धरा. त्या जागेत उजव्या हाताने नव्या काडतुसाचं बूड लिप्सच्या पुढे टेकवा. आता नव्या काडतुसानेच खालचं काडतूस दाबत ते मागे सरकवा. अर्ध्यावर आलं की डावा अंगठा त्याच्यावर आणा आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचवा. दाबणं डाव्या अंगठ्याच्या फुगीर भागाने, टोकाने नाही. टोकाने दाबलं की नखाखाली कळ येते आणि अंगठा पुढे घसरून लिप्सची कड कातडीत घुसते.

शेवटची दोन काडतुसं जात नसतील तर दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून आधी खालचं काडतूस दाबा, एक श्वास थांबा, मग नवं बसवा. घाईने अर्धवट सरकवलेलं काडतूस उसळून बाहेर येतं, टेबलाखाली जातं आणि मग ते शोधत गुडघ्यांवर फिरावं लागतं.

अंगठ्याला आच्छादन हवंच असेल तर शिंप्याचं लोखंडी अंगुस्तान वापरू नका. .२२ काडतुसाचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, रिममध्येच असतो. तिथे धातूने जोर देणं शहाणपणाचं नाही. बँकेत नोटा मोजताना बोटाला घालतात ती रबरी टोपी याला झकास. नाशिकरोडला नोटा छापण्याचा कारखाना असलेल्या गावात ती कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात सापडायला हवी.

लोडर, म्हणजे काडतुसं भरायचं साधन, घ्यावा का? ९ एमएम आणि मोठ्या बोअरसाठी मॅगलुलाचं अपलुला, आणि .२२ ते .३८० पर्यंतच्या एकेरी रांगेच्या मॅगझिनसाठी बेबी अपलुला ही उत्तम साधनं आहेत. बोटं दुखण्याचा प्रश्न ती सोडवतात. पण ताठ मॅगझिनमध्ये लोडरने जबरदस्तीने शेवटचं काडतूस कोंबणं सोपं होतं, आणि नेमकं तेच करायचं नसतं. आधी हाताने भरता यायला शिका, मग लोडर. संधिवात असलेल्या किंवा बोटात ताकद कमी असलेल्या माणसाने मात्र पहिल्या दिवसापासून तोच वापरावा, त्यात लाज कसली.

.३२ ची खास गोम

.३२ पिस्तुलाचं काडतूस अर्ध-रिमचं असतं. बुडाची चकती सुमारे ९.१ मिलिमीटर आणि तिच्या वरचा पुंगळीचा भाग साधारण ८.५, म्हणजे चकती थोडीशीच बाहेर डोकावते. पण तेवढ्यानेही घोळ होतो. वरच्या काडतुसाची चकती नेहमी खालच्या काडतुसाच्या चकतीच्या पुढे असली पाहिजे. ती मागे गेली की स्लाइड वरचं काडतूस पुढे ढकलायला जाते, त्याची चकती खालच्या चकतीत अडकते आणि दोन्ही काडतुसं एकमेकांना धरून बसतात. याला रिमलॉक म्हणतात. हा अडथळा ‘टॅप-रॅक’ने, म्हणजे तळावर थाप मारून स्लाइड ओढल्याने सुटत नाही. मॅगझिन काढून हातानेच सोडवावा लागतो.

रिमलॉक होतो मुख्यतः दोन कारणांनी. एक, भरताना नवं काडतूस मागच्या बाजूने तिरकं घातलं जाणं. दोन, मॅगझिनच्या लांबीपेक्षा आखूड काडतुसं वापरणं, कारण त्यांना आत पुढे-मागे हलायला जागा मिळते. पिस्तूल ज्या पूर्ण धातुवेष्टित, साधारण २५ मिलिमीटर लांबीच्या काडतुसांसाठी घडवलंय तीच वापरा. प्रत्येक काडतूस वर सांगितल्याप्रमाणे पुढून मागे सरकवा. भरून झाल्यावर बाजूच्या भोकांतून बघा: चकत्या पायऱ्यांसारख्या, वरची पुढे अशा दिसल्या पाहिजेत. इतर मॅगझिन भरल्यावर पाठ तळव्यावर आपटायची सवय असते. ती .३२ ला लावू नका. हलकं थोपटलं तर ठीक, पण शंका आली की सरळ रिकामं करून पुन्हा भरा.

.२२ च्या मॅगझिनचं वेगळं

२५ मीटरच्या स्पर्धा पिस्तुलांचं मॅगझिन पाच राऊंडचं, म्हणून त्याचा ताठपणा कमी जाणवतो. इथे त्रास वेगळाच असतो. पाचच काडतुसं असली तरी ती बारीक, पूर्ण रिमची आणि गोळी मऊ शिशाची. दाबताना गोळीवर बोट पडलं की ती ओरबाडते. म्हणून गोळीला नाही, पुंगळीलाच धरा.

बाजूला बटण असलेल्या मॅगझिनमध्ये नवशिके बटण तळापर्यंत खाली ओढतात आणि काडतुसं वरून टाकतात. मधे जागा राहते, काडतूस नाकावर पडतं आणि चकत्यांचा क्रम बिघडतो. बटण एका वेळी एका काडतुसापुरतंच खाली घ्या. अंगठ्याला आलेला ताण हातात तसाच ठेवून, काडतूस बसलं की पुढच्यासाठी थोडं आणखी. पाच झाल्यावर बटण सोडून द्यायचं नाही, धरून वर आणायचं. सटकन सोडलं की फॉलोअर सगळ्या काडतुसांना एकदम उसळवतो.

.२२ च्या गोळीवर मेण असतं. दोन-तीनशे फैरींनंतर ते लिप्सच्या आतल्या बाजूला आणि फॉलोअरवर काळ्या थरासारखं साचतं. आठवड्याच्या सरावानंतर कोरड्या चिंदीने पुसणं पुरतं. आणि शिशाला हात लागतो म्हणून रेंजवरून निघताना साबणाने हात धुवा, मगच वडापाव.

स्पर्धेत ‘लोड’चा हुकूम मिळाल्यावर एका मिनिटात भरायचं असतं. रॅपिड फायरच्या चार सेकंदांच्या मालिकेत पाच गोळ्या टिपायच्या तर अडथळा सोडवायला वेळ नसतो. चुकून चारच काडतुसं भरली गेली तर ती गफलत ‘अलाउएबल’ म्हणजे माफ होणारी धरत नाहीत, ती गोळी गेलीच. म्हणून भरताना तोंडाने मोजा. जोरात नको, ओठ हलले तरी पुरे.

रेंजवर परीक्षा

घरी रुळवलेलं मॅगझिन अजून तपासलेलं नसतं. प्रत्येक मॅगझिनच्या तळावर पर्मनंट मार्करने क्रमांक घाला. वहीत तारीख, क्रमांक, किती गोळ्या, काय अडलं एवढंच लिहा. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते आणि .३२ ची काडतुसं स्वस्त नाहीत, म्हणून .३२ ला प्रत्येक मॅगझिनमधून पूर्ण भरून दोनदा बिनअडथळा गेलं तर ते पास समजा. .२२ ला वीस मालिका, म्हणजे १०० गोळ्या, हा चांगला मापदंड.

पूर्ण भरलेलं मॅगझिन बंद स्लाइडखाली बसत नसेल तर घाबरू नका. स्लाइडचा तळ वरच्या काडतुसाला थोडं खाली दाबतो आणि नव्या स्प्रिंगमध्ये तेवढी दबण्याची जागा उरलेली नसते. एक काडतूस कमी भरा. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पूर्ण भरून पाहा. मॅगझिन बसवताना तळावर हाताच्या तळव्याने ठाम दाबा, खट् आवाज झाला पाहिजे. मग खाली ओढून बघा. अर्धवट बसलेलं मॅगझिन पहिली गोळी उडवल्यावर खाली पडतं किंवा दुसरी चढवतच नाही.

अडथळा आला तर मॅगझिनच दोषी आहे का, हे दोन मॅगझिन अदलाबदल करून कळतं. एकाच क्रमांकाला अडत असेल तर मॅगझिन, सगळ्यांना अडत असेल तर पिस्तूल किंवा काडतुसं. मग लक्षणं बघा. काडतुसाचं नाक खाली जाऊन चेंबरच्या उतारावर टेकत असेल तर फॉलोअर पुढच्या बाजूला अडतोय, किंवा स्प्रिंग उलटी बसलीय. स्लाइड काडतुसाच्या वरून पुढे जाऊन चेंबर रिकामं राहत असेल तर काडतूस वेळेत वर येत नाही: घाण, नाहीतर मेलेली स्प्रिंग. एका वेळी दोन काडतुसं वर उडी मारत असतील तर लिप्स फाकलेले आहेत. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नसेल तर आधी आपला अंगठा स्लाइड-स्टॉपवर, म्हणजे स्लाइड मागे अडवणाऱ्या कळीवर, टेकतोय का ते बघा. मॅगझिनला दोष नंतर द्या, कारण दहातल्या पुष्कळ वेळा तो अंगठाच असतो.

लिप्स फाकले की मिटवत बसू नका. एकदा वाकलेला पत्रा पुन्हा वाकतोच. व्हर्नियरने चांगल्या मॅगझिनचं लिप्समधलं अंतर आधीच मोजून वहीत लिहून ठेवलं असेल तर संशय आल्यावर लगेच ताळा लागतो. भरलेलं मॅगझिन सिमेंटच्या फरशीवर तोंडावर पडलं तर ते दिसायला कितीही धड असलं तरी मोजल्याशिवाय वापरू नका.

रिकामं करणं, ठेवणं, बदलणं

काढताना वरचं काडतूस अंगठ्याने पुढे ढकला, टॉवेलवर पडू द्या. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, तिथेच लिप्सवर ओरखडा जातो. भरली तेवढी निघाली का ते मोजा. शेवटी फॉलोअर बोटाने दाबून तो मोकळा हलतोय हे बघा. आत एखादं काडतूस अडकून राहिलं असेल तर इथे कळतं.

पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्यांनी मॅगझिन चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि पत्रा आठवड्यात तांबडा होतो. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. त्या पुड्या महिन्याने तव्यावर नाही, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवा किंवा बदला. महिन्यातून एकदा बेस प्लेट उघडा. स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यात ठिपक्यांचा गंज सगळ्यात आधी दिसतो.

स्प्रिंग थकली हे ओळखायचं कसं? नवी असताना फोटो काढला तेव्हाच तिची मोकळी लांबी पट्टीने मोजून वहीत टाका. बसल्यावर ती थोडी घटते, ती बसलेली लांबी खरी मोजायची. पुढे कधी ती बसलेल्या लांबीपेक्षा स्पष्ट घटली, किंवा पूर्ण साफ मॅगझिनमध्येही उरलेली शेवटची दोन काडतुसं सैल हलू लागली, की नवी स्प्रिंग घ्या. जुनी ताणून लांब करून पुन्हा घालणं दोन-चार मालिका चालतं, मग ती पुन्हा बसते, आणि सहसा ती बसते नेमकी ज्या दिवशी नोंद घेणारा स्कोअर मांडत असतो. नवी घातली की पुन्हा वरचीच रीत: पेन्सिल, चार, सहा, सात आणि दोन रात्री.